चोविसावं उदाहरण

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या कडेगावात सगळ्यांना ठाऊक आहे. आई म्हणते, मी पाळण्यातसुद्धा सारखे पाय झाडायचे. तरी त्या दिवशी कऱ्हाडच्या स्टँडवर मी एकाच बाकावर तासभर बसून राहिले. का बसले, कशासाठी बसले... ते सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागेल.

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. रेल्वेचा संप चालू होता आणि सगळी दुनिया एस.टी.वर येऊन कोसळली होती. कडेगावच्या दोन गाड्या माझ्या डोळ्यांदेखत खचाखच भरून गेल्या. तिसरीची वाट बघत मी मौलाचाचांच्या रसवंतीत शिरले, तर बाकावर एकच जागा रिकामी, आणि त्या जागेवर कुणाची तरी छत्री. काळी, कापडावर पांढऱ्या रंगानं नाव घातलेली — जो. ग. पोळ.

"ही छत्री रस पिणार आहे का?" मी विचारलं.

छत्रीचा मालक दचकून उठला. उठताना त्याचा गुडघा टेबलाला धडकला आणि त्याचा अर्धा ग्लास माझ्या पदरावर आला.

"माफ करा — म्हणजे — छत्री नाही पिणार."

त्याचं तोंड इतकं पडलं होतं की मला रागावताच येईना. सावळा, किडकिडीत, तिशीच्या आतलाच असावा. त्यानं रुमाल पुढं केला, रुमाल मळका आहे हे दिसल्यावर मागं घेतला, मग पुन्हा पुढं केला. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना लाल शाई लागलेली होती. असेल कुठला तरी कारकून, असं म्हणून मी बसले.

तो काही नीट बसेना. एकदा स्टँडकडं बघे, एकदा घड्याळाकडं, सांगलीकडची गाडी कधी हे चाचांना दोनदा विचारून झालं. आणि बाकाखाली त्याचा पाय सारखा हलत होता — माझ्यासारखाच. शेवटी त्यानं मौलाचाचांना विचारलं, "इथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान कोण शिकवतं हो?"

चाचांनी चरकात ऊस सारता सारता माझ्याकडं मान केली. "ह्या काय. तुमी ज्यांच्या पदरावर रस वतला, त्याच. मोहिते बाई."

"तुम्ही?"

"का? शिकवू नये?"

"तसं नाही... मला वाटलं, कुणी म्हातारे गृहस्थ असतील."

"ते आजारपणाच्या रजेवर आहेत. त्यांच्या रजेवर मी आहे."

तो घाईघाईनं म्हणाला, "माझ्या बहिणीला बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचंय. सुला तिचं नाव. तर म्हटलं चौकशी करावी... तुम्ही शिकवता तरी काय?"

आता, तत्त्वज्ञान घेणारी एक मुलगी मिळतेय म्हटल्यावर मी गप्प बसेन होय? आमच्या विषयाला शेवटच्या वर्षाला तेवीस जण, त्यातले दहा तर दुसरीकडं जागा नाही म्हणून आलेले. मी पदर खोचला आणि तिथंच, चरकाच्या घुंगरांच्या आवाजात, वर्ग सुरू केला.

"तुमच्या बहिणीला पहिल्या दिवशी मी राजकन्येची गोष्ट सांगेन. सव्वातीनशे वर्षांपूर्वीची राजकन्या. राज्य गेलेलं, परमुलखात राहिलेली. त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या फ्रेंच विचारवंतानं लिहिलं, मन वेगळं आणि शरीर वेगळं. मनाला लांबी नाही, रुंदी नाही, ते जागा व्यापत नाही. सगळे वा वा म्हणाले. आणि या पोरीनं पंचविशीच्या आत त्याला पत्र टाकलं, की मग असलं मन शरीराला हलवतं कसं?"

"बरोबर आहे की," तो हळूच म्हणाला.

"आमचे नाना, माझे वडील, औतावर उभे राहून कासरा ओढतात, तेव्हा बैल वळतो. कासऱ्याचं एक टोक बैलाला आणि एक नानांच्या हातात. आता मनाला ना हात, ना दोरी. मग मन माझा हात कोणत्या कासऱ्यानं ओढतं? सांगा."

तो माझ्याकडं बघत राहिला होता, आणि त्याचा हलणारा पाय थांबला होता. चेहऱ्यावरचा रंगच उडाला त्याच्या. मला वाटलं, ऊन लागलं की काय.

"हे... नेमलेल्या पुस्तकात नाही," तो म्हणाला.

"पुस्तकात ती तळटिपेत आहे. एक ओळ. 'एका राजकन्येनंही शंका विचारली होती.' बस्स. आणि दुसऱ्या बायका तर तेवढ्याही नाहीत. एक इंग्रज बाई आयुष्यभर डोकेदुखीनं तळमळत होती, तशातच तिनं अख्खं तत्त्वज्ञान लिहिलं. पुस्तक निघालं ती गेल्यावर, आणि त्यावर तिचं नावच नाही. पुण्याला एम.ए. करताना लायब्ररीत बसून मी हे सगळं उतरवून घेतलंय." मी पिशवीतून वही काढली. निळ्या कव्हरची, दोनशे पानी. "हे बघा."

त्यानं वही उघडली आणि बाकी सगळं विसरला. त्याचा रस तसाच राहिला, त्यावर माशा बसायला लागल्या. दोन वर्षं मी ही वही पिशवीत घेऊन हिंडत होते. प्राचार्यांनी मागितली नव्हती, इतर प्राध्यापकांनी 'बरं बरं' म्हटलं होतं. कुणी ती अशी, ओठ हलवत, बोट ठेवून ठेवून वाचली नव्हती. मला एकाएकी फार बरं वाटलं.

"ही... आठ दिवस मला द्याल?" त्यानं विचारलं. "पुढच्या शुक्रवारी याच बाकावर आणून देतो."

नाव-गाव नीट माहीत नसलेल्या माणसाला मी माझी एकुलती एक वही दिली. एवढी हुशार बाई मी, आणि असं केलं. गाडी आली तेव्हा त्यानं गर्दीत छत्री आडवी धरून मला दारापर्यंत वाट करून दिली, आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "तुमचं नाव?"

"विजयमाला. तुमचं 'जो' म्हणजे?"

"जोतीराम," तो म्हणाला आणि गाडी हलली.

ते आठ दिवस मी कसे काढले, विचारू नका. आईनं शेवया करायला बसवलं तर मी तीनदा उठले. "काय गं मालू, अंगात वारं शिरलंय का?" आई म्हणाली. वहीची काळजी वाटते, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण वही आठवली की त्या पानावरची लाल बोटंही आठवत होती... त्याला मी तरी काय करू?

शुक्रवारी मी अकरापासून रसवंतीत बसले. चार वाजले. जोतीराम आला नाही.

"बाई, कुणाची वाट बघताय व्हय?" मौलाचाचांनी विचारलं.

"कुणाची नाही," मी म्हणाले आणि चौथा ग्लास प्याले.

शनिवारी प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर विद्यापीठाचं पत्र होतं. तत्त्वज्ञानाच्या पेपरात तेवीसच्या तेवीस मुलांनी मन आणि शरीराच्या प्रश्नाला एकच, पुस्तकाबाहेरचं उत्तर लिहिलं आहे, सबब सामुदायिक कॉपीचा संशय. तेवीस जणांचा निकाल राखून ठेवला आहे. संबंधित शिक्षकानं पुराव्यासह खुलासा करावा.

"तुमची राजकन्या आम्हाला महागात पडली, बाई," प्राचार्य म्हणाले. "खुलासा झाला नाही तर मुलांचं वर्ष जाईल. आणि तुम्हाला पुढच्या नेमणुकीची ऑर्डर देणं माझ्या हातात राहणार नाही."

माझ्या ऑर्डरचं एक वेळ राहू दे. पण माझ्या वर्गातली शबाना? तिचे अब्बा घरोघर जाऊन भांड्यांना कल्हई करायचे. पोरगी पास झाली तर सातारला बी.एड.ला पाठवतो आणि नापास झाली तर पावसाळ्याआधी निकाह लावतो, असं त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. शबानानं राजकन्येसारखीच मान वर करून "पास हुईन" म्हटलं होतं.

आणि पुरावा म्हणजे माझी वही. ती कुठल्याशा पोळाच्या हातात.

प्राचार्यांनी पत्रावर सही करायला लाल पेन उचललं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाल शाई. उन्हाळ्यात लाल शाईनं बोटं कुणाची रंगतात? पेपर तपासणाऱ्याची. बहीण नाही, चौकशी नाही. आमच्या मुलांना चोर ठरवणारा परीक्षक माझ्या शेजारी बसून माझ्या पदरावर रस सांडून गेला होता, आणि वर पुरावाही घेऊन गेला होता.

सोमवारी मी सांगलीची गाडी पकडली. कारण सांगलीकडची गाडी कधी आहे, हे त्यानं मौलाचाचांना दोनदा विचारलेलं मला आठवत होतं. उभ्यानं प्रवास केला, बरंच झालं, बसवलंच नसतं. सांगलीच्या बाजारात हळदीचा वास भरून राहिला होता. मी दोन कॉलेजांत विचारलं. तिसऱ्यात व्हरांड्यातल्या शिपायानं मान हलवली.

"पोळ सर व्हय? हायत की. पर लय चिडचिड करत्यात हल्ली. बसना झाल्यात एका जागी. सकाळधरनं फेऱ्या चालल्यात नुसत्या."

खरंच, तो खोलीत फेऱ्या मारत होता. मला बघून जागच्या जागी थांबला.

"सुलाताईंना प्रवेश मिळाला का?" मी विचारलं.

"मोहिते बाई, ऐका —"

"तुम्ही ऐका. तेवीस मुलांना कॉपीबहाद्दर ठरवलंत. मग कऱ्हाडला आलात, खोटं बोललात, पुरावा पळवलात. परीक्षक असे असतात? शाईनं बोटं रंगली म्हणजे माणूस शहाणा झाला का हो?"

त्यानं खुर्ची पुढं केली. मी बसले नाही. मग तोही उभाच राहिला.

"संशयाचा कागद मी आधीच पाठवला होता," तो म्हणाला. "रजिस्टरनं. पाठवला आणि मग झोप लागेना. म्हटलं, कॉपी केली तर केली कशातून? मी एम.ए.ला पहिला आलो, बाई. माणदेशातल्या शेळ्या वळणाऱ्या घरातून येऊन पहिला. आणि या राजकन्येचा प्रश्न मला कुणी सांगितला नव्हता, मी शोधलाही नव्हता. एका पेपरात प्रीतिसंगमाचं उदाहरण होतं, म्हणून कऱ्हाड ओळखलं. परीक्षकानं असं जायचं नसतं. तरी आलो."

"आणि आल्यावर खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर वही दिली असतीत?"

"मुळीच नाही."

"म्हणून," तो म्हणाला. इतक्या गरीब आवाजात म्हणाला की मला दुसरीकडं बघावं लागलं.

"वही कुठाय?"

"विद्यापीठात. शुक्रवारी स्वतः नेऊन दिली, म्हणून तुमच्याकडं येता आलं नाही. पत्ता ठाऊक नाही, कॉलेजच्या पत्त्यावर लिहिलं तर तुमच्यावरच बालंट यायचं. मी लेखी दिलंय — मी कऱ्हाडला गेलो, शिक्षकांना भेटलो, माझा संशय चुकीचा होता. आणि हे जोडलंय." त्यानं ड्रॉवरमधून दोन कागद काढले. "ही माझी प्रत. परतल्यावर तेवीसही पेपर पुन्हा वाचले. प्रश्न सगळ्यांचा एक आहे. पण उदाहरण एकाचंही दुसऱ्यासारखं नाही."

मी वाचायला लागले. आता मात्र बसले.

मी वर्गात सांगितलं होतं, उदाहरण आपापल्या घरातलं द्या, माझं दिलंत तर गुण नाहीत. पोरांनी ऐकलं होतं. एकानं लिहिलं होतं, ड्रायव्हर गाडीबाहेर उभा राहून गाडी चालवेल का? एकानं मोटेचं लिहिलं, एकानं आजीच्या जात्याचा खुंटा. कृष्णा आणि कोयना मिसळतात, कारण दोन्ही पाणीच आहेत, पण मन आणि शरीर मिसळणार कसं? आणि सतरावं: 'कथील भांड्याला धरावं म्हणून नवसागर लागतो. मनाला शरीरावर धरून ठेवणारा नवसागर कोणता, हे ते फ्रेंच गृहस्थ सांगत नाहीत.'

"ही शबाना," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. त्याच्या समोर. टेबलावरचं पाणी त्यानं पुढं सरकवलं, आणि या वेळी रुमाल स्वच्छ होता.

"तुम्हाला काय करतील?" मी विचारलं.

"परीक्षेचं काम काढून घेतील. कदाचित इथंही ठपका येईल. येऊ दे. त्या सतराव्या पेपरला मी शून्य टाकलं होतं, बाई. ते मला पुसायचंय."

स्टँडपर्यंत तो पोचवायला आला. ऊन रणरणत होतं. एकच छत्री. त्यानं ती अशी धरली की मी पूर्ण सावलीत आणि तो पूर्ण उन्हात. 'आत या की थोडं' असं म्हणायला माझी जीभ वळेना, नि आम्ही दोघं तसेच, वीतभर अंतर राखून, हळदीच्या वासातून चालत राहिलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मला विद्यापीठात बोलावलं. अभ्यास मंडळाचे पाच जण, सगळे पुरुष, मधोमध माझी निळी वही. बाहेर बाकावर जोतीराम बसला होता, त्याचा खुलासा आधीच झाला होता. आत जाताना मी बघितलं, त्याचा पाय पुन्हा हलत होता.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "मुलांबद्दल आमचं समाधान झालं आहे. पण शंका विचारणं वेगळं आणि तत्त्वज्ञान मांडणं वेगळं. या राजकन्येनं नुसत्या शंका विचारल्या. तिला शिकवायचं कशाला?"

मी वहीकडं बोट केलं.

"सर, शंका फालतू असती तर त्या मोठ्या माणसानं सहा-सात वर्षं तिला उत्तरं लिहिली असती का? ती उत्तरं आपण परीक्षेत विचारतो. ज्या बाईनं ती लिहायला लावली, तिला तळटिपेत का ठेवायचं?"

एक वयस्कर सभासद वहीची पानं उलटत होते. ते वर न बघताच म्हणाले, "ही डोकेदुखीवाली बाई... हिचं आणखी काही मिळेल का वाचायला?"

निकाल सगळ्यांबरोबर लागला. तेवीसच्या तेवीस पास, शबाना तत्त्वज्ञानात पहिल्या वर्गात. तिच्या अब्बांनी माझ्या आईच्या सगळ्या पातेल्यांना कल्हई करून दिली आणि नको म्हटलं तरी ऐकलं नाही. मला एक वर्षाची ऑर्डर मिळाली. जोतीरामचं परीक्षेचं काम तीन वर्षांसाठी बंद झालं. आणि नव्या अभ्यासक्रमाच्या पत्रकात, तिसऱ्या पानावर, टिपा लिहा या सदरात एक ओळ आली: राजकन्येचा आक्षेप, गुण चार.

सव्वातीनशे वर्षांनी चार गुण. मी ते पत्रक हातात धरून हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

त्याच आठवड्यात पोस्टकार्ड आलं. 'वही परत मिळाली. शुक्रवारी, त्याच बाकावर. या वेळी नक्की. जोतीराम.'

मौलाचाचा रसवंती आवरत होते. पावसात रस कोण पितंय, दोन दिवसांत चरक झाकून ठेवणार म्हणाले. आभाळ दाटून आलं होतं, वारा सुटला होता, स्टँडवरचे कागद गरागरा फिरत होते. तो आधीच येऊन बसला होता. छत्री त्यानं मांडीवर घेतली होती, माझ्यासाठी जागा मोकळी.

"वही," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी दिली. "शेवटच्या पानावर... मी थोडं लिहिलंय. विचारायला हवं होतं."

मी शेवटचं पान उघडलं. वर आकडा होता, चोवीस. खाली लाल नाही, निळ्या शाईनं:

'सांगलीतला एक मास्तर खुर्चीत बसला आहे. त्याला कुणी ढकललं नाही, ओढलं नाही, दोरी बांधली नाही. तरी दर शुक्रवारी तो उठतो आणि कऱ्हाडच्या गाडीपाशी जाऊन उभा राहतो. दोनदा गाडीत बसून इस्लामपूरपर्यंत आला, आणि तोंड दाखवायला लाज वाटून परत गेला. त्याला हलवणारं काय आहे, ते त्याला पक्कं ठाऊक आहे. कसं हलवतं, ते राजकन्येलाच विचारावं.'

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता येईना, अक्षरं हलायला लागली.

"इस्लामपूरहून परत गेलात?" मी विचारलं.

"दोनदा."

"आणि मी इथं वेड्यासारखी बसायची. दर शुक्रवारी. चाचांना विचारा."

"बसायच्या की," चाचा चरक पुसता पुसता म्हणाले. "चार-चार गिलास."

जोतीराम माझ्याकडं बघायला लागला. मी वहीकडं बघत पर्समधून लाल पेन काढलं. मग लिहिलं. समासात गोल करून, दहापैकी साडेसात.

"अडीच कुठं कापले?" त्यानं विचारलं.

"उत्तर अपुरं आहे. गाडीतून उतरल्यावर मास्तरनं काय केलं, ते लिहिलेलं नाही."

त्यानं छत्रीची मूठ दोनदा फिरवली. मग छत्री बाजूला ठेवली.

"उतरल्यावर त्यानं विचारलं," तो म्हणाला, "की विजयमाला, माझ्याशी लग्न कराल का? परीक्षेचं काम नाही, ठपका आहे, गावाकडं शेळ्या आहेत. पण तुमची प्रत्येक वही मी वाचेन."

मला हो म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच आलं. "आमचे नाना कडेगावला असतात. पूर्वी फौजेत होते, सरळ उत्तर लागतं त्यांना. तिथं येऊन हेच विचारलंत, तर उरलेले अडीच देईन."

"आणि तुमचं उत्तर?"

"मी पेपर तपासलाय ना? नापास केलंय का?"

तो हसला. पहिल्यांदाच असा मोकळा हसला, आणि उठताना पुन्हा गुडघा टेबलाला धडकवून घेतला. "कडेगावची गाडी कधी आहे, चाचा?"

"सव्वापाचला. अजून घंटाभर येळ हाय, बसा की निवांत."

पण तो निघालाही होता, कडेगावची गाडी लागते त्या फलाटाकडं. जाऊन उभा राहिला, छत्री उघडून, एका बाजूला सरकून. थेंब पडायला लागले होते. मी वही पिशवीत घातली, ग्लास तसाच ठेवला आणि त्या मोकळ्या ठेवलेल्या बाजूला जाऊन उभी राहिले.